भलत्या कामाची वाद्यं

केडगावची देवी रेणुका. अहमदनगर शहर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, पुणे रस्त्याने पसरत पसरत केडगावला येऊन भिडलं आणि गावाचं उपनगर झालं. तरी नवरात्रात देवळाकडे लागणारी रीघ काही आटली नाही. या रेणुकेच्या आणि तिचंच रूप मानल्या जाणाऱ्या यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींचं एक वाद्य आहे, चौंडकं. वाद्यांवरच्या जाडजूड ग्रंथांत त्याला फार तर दोन ओळी मिळतात. नवी वाद्यं कशी जन्माला येतात हे बघायचं तर माझ्या मते सतार-सरोद बाजूला ठेवून आधी चौंडकं हातात घ्यावं.

एक लाकडी पिंप, दोन्ही तोंडं उघडी. त्यातल्या एका तोंडावर कातडं मढवलेलं. कातड्याच्या बरोबर मध्ये भोक, त्यातून तात ओवलेली आणि ती निसटू नये म्हणून बाहेरून अडकवलेली. ही तात पिंपाच्या पोकळीतून आरपार जाऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर येते आणि तिच्या टोकाला धरायला मूठ असते. पिंप डाव्या काखेत दाबायचं, डाव्या हाताने मूठ ओढून तात ताणायची आणि उजव्या हातातल्या लहानशा तुकड्याने ती छेडायची. मूठ ओढली की स्वर वर चढतो, ढील दिली की खाली घसरतो. पडदे नाहीत, खुंटी नाही, सूर लावून ठेवणं नाही. वाजवणाऱ्याच्या दंडातला जोर हाच सूर. बाईने मूठ ओढत ओढत छेडायला सुरुवात केली की त्यातून निघणारा ‘डुंव-डुंव’ माणसाच्या हुंकाराइतका वर-खाली होतो.

आता त्याच पिंपाच्या अंगाला एक काठी ठोका, काठीच्या टोकाला खुंटी बसवा आणि तार त्या खुंटीला बांधा. झालं तुणतुणं. गोंधळ्याच्या मागे, शाहिराच्या मागे एकच सूर धरून ठेवणारं. पिंप तेच, कातडं तेच, फरक एका काठीचा. पण त्या काठीने वाद्याचा स्वभावच बदलून टाकला. चौंडक्यात सूर सतत हलता, तुणतुण्यात तो जागचा ढळायचा नाही. एक स्वतः बोलायला बनलेलं, दुसरं बोलणाऱ्याला आधार द्यायला.

चौंडक्याने पंडितांची मात्र चांगलीच पंचाईत केली. भरताच्या नाट्यशास्त्रापासून आपल्याकडे वाद्यांचे चार खण ठरलेले आहेत: तारांची ती तत, फुंकायची ती सुषिर, कातड्याची ती अवनद्ध, आणि टाळ-झांजांसारखी अंगभूत वाजणारी ती घन. ही वाटणी इतकी सोपी आणि पक्की की पुढे युरोपनेही ती उचलली. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६च्या सुमारास बेल्जियमच्या राजाला शेकडाभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. ब्रसेल्सच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयात व्हिक्टर माहियाँ हा गृहस्थ ती लावायला बसला आणि १८८०च्या आपल्या सूचीत त्याने हेच चार खण वापरले. त्याच पायावर एरिख फॉन होर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ साली जगभरच्या वाद्यांना ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे क्रमांक देणारी पद्धत रचली. ती आजही संग्रहालयांत चालते.

या पद्धतीत चौंडक्याच्या जातीची वाद्यं ‘छेडलेले ढोल’ म्हणून कातड्याच्या खणात गेली. मागाहून आलेल्या ध्वनिशास्त्र्यांनी हरकत घेतली: मुळात थरथरते ती तार, कातडं नुसतं तिचा आवाज मोठा करतं, मग याला ढोल कसं म्हणायचं? वाद रंगला. चौंडक्याचं त्यात काहीच बिघडलं नाही, कारण ज्यांनी ते घडवलं त्यांच्यापुढे चार खण नव्हतेच. घरात तात होती, कातडं होतं, पोकळ लाकूड होतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं, एवढंच.

हे ‘भलतं काम’ करून घेणं या प्रकरणात वारंवार भेटणार आहे.

मिरजेचीच गोष्ट घ्या. सतार आणि तंबोरा यांसाठी मिरजेचं नाव आज देशभर आहे, आणि २०२४ साली तिथल्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ही वाद्यं घडवणाऱ्या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगारीचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देण्याचा. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांचं काम बसलं. फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी मग पोलादाची सवय असलेले हात भोपळ्याकडे वळवले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारा कडू भोपळा वाळवायचा, भिजवायचा, आतून कोरायचा, त्यावर लाकडाची तबली बसवायची. यात धातूचं काम नावापुरतं. पण केसभर उंच-सखल हाताला कळण्याची जी कसबी नजर लागते ती तीच. आणि तिची खरी परीक्षा जवारीत होते.

तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते, ती रुंद असते आणि तिची पाठ किंचित उतरती. तार त्या उतारावरून जाताना थरथरते आणि थरथरताना घोडीला पुनःपुन्हा हलकेच घासते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी साधली की तारेतून एका सुराऐवजी सुरांचा झोत बाहेर पडतो. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१च्या सुमारास याचा अभ्यास केला तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा विश्रांतीबिंदू असतो ते उपस्वर आवाजात उमटायचेच नाहीत. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात. जवारीने नियमाला बगल दिलेली असते. हे मिरजेच्या कुठल्याही कारागिराने समीकरण मांडून केलेलं नाही. कानसेने घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले. वाद्य खोलून दुरुस्त करण्यात त्यांचाही हात चालायचा. त्यांच्या गळ्याला असलेला सुराचा ध्यास आणि या गावच्या तंबोऱ्यांचा दर्जा यांचा परस्परांशी संबंध असणारच. मिरजेचा हा धागा पुढे पार कॅलिफोर्नियापर्यंत जाणार आहे. त्याआधी शेजारच्या सांगलीतली एक फसलेली खटपट सांगायला हवी.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचं नेमकं गणित बसवायचं हे त्यांचं वेड. १९१० साली त्यांनी पुण्याहून त्यावर इंग्रजी पुस्तिका काढली. आपल्याकडे असलेला अर्नेस्ट क्लेमेंट्स हा आय.सी.एस. अधिकारीही त्याच छंदाचा निघाला, आणि १९१३ साली त्याचंही पुस्तक आलं. खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून हे गणित तयार झालेलं. मग त्यानुसार खास श्रुती-पेटी बनवून घेण्यात आली. नेहमीच्या पेटीत सप्तकाला बारा स्वर, हिच्यात बावीस. पेटीला सगळ्यात मोठा आक्षेप होता तो बेसुरेपणाचा, आता तोच मिटणार होता. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी मांडली गेली आणि तिच्यावरून वादही झडले. गवयांनी ती काही उचलली नाही.

का नाही उचलली? मला वाटतं ही पेटी उत्तर म्हणून जन्मली होती आणि प्रश्न भलत्याच माणसाचा होता. गवयाचा कोमल गंधार रागागणिक हलतो. दरबारीत तर तो जागेवर उभाच राहत नाही, झुलत असतो. हलत्या गोष्टीला बावीस खुंट्या मारल्या काय आणि बारा मारल्या काय. बावीस स्वरांवर बोटं चालवायची कसरत ती वेगळीच. एकूणच पेटीच्या नशिबी पुढे आणखी हाल होते: आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती पुढची तीस वर्षं टिकली. गंमत अशी की या सगळ्या काळात तमाशापासून भजनी मंडळापर्यंत आणि संगीत नाटकापासून कीर्तनापर्यंत तीच बारा स्वरांची ‘बेसुरी’ पेटी बिनधास्त वाजत राहिली. श्रुतींचा ध्यास मात्र संपलेला नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी पेटीत प्रत्येक स्वराखाली खुंटी बसवून ती ओढली की श्रुती बदलेल अशी सोय केली. वाजवण्याच्या पट्ट्या नेहमीच्याच ठेवल्या, हा त्यांचा शहाणपणा देवलांच्या काळात नव्हता.

ठरवून, गरज ओळखून केलेलं वाद्य यशस्वी होतच नाही असं मात्र समजू नका. बंगळुरूचे जी. राज नारायण स्वतः बासरी वाजवणारे आणि पेशाने अभियंता. त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला आणि आज गाणं शिकणाऱ्या पोरांच्या घरी तो, नाही तर त्याचं मोबाइलमधलं भावंड असतंच. त्यांनी सोडवलेला प्रश्न साधा होता: रियाजाला बसलं की तंबोरा वाजवायला दुसरा माणूस आणायचा कुठून? जाणकार अजून नाकं मुरडतात. पण रियाज होतो.

आता देवलांच्या अगदी उलट टोकाला जाऊ, वरातीत.

जपानमध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली एक घरगुती वाद्य बनवलं. कल्पना टाइपरायटरवरून सुचलेली. लांबट लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणायच्या आणि वर टाइपरायटरसारखी बटणं बसवायची. बटण दाबलं की त्याची धातूची जीभ तारेवर बसते आणि पडद्याचं काम करते. डाव्या हाताने बटणं, उजव्या हातात नखी. तेव्हा जपानमध्ये तैशो नावाचं राजपर्व सुरू झालं होतं म्हणून वाद्याचं नाव तैशोगोतो. संगीत न शिकलेल्या घरातल्या माणसाला चार सूर काढता यावेत, इतकीच त्यामागची महत्त्वाकांक्षा.

व्यापाराच्या वाटेने ते भारतात आलं आणि उत्तरेत ‘बुलबुल तरंग’ झालं. महाराष्ट्रात त्याला म्हणाले ‘जपान बेंजो’, पुढे नुसताच ‘बेंजो’. खऱ्या अमेरिकी बँजोशी त्याचं काडीचं नातं नाही. इथल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, वर प्रतिध्वनी म्हणजे ‘इको’ चढवला आणि गाडीवर कर्णे बांधून सगळा संसार रस्त्यावर आणला. जपानी दिवाणखान्यातलं किणकिणणारं खेळणं गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या डोक्यावर बसलं. ते बसू शकलं याला कारण आहे. ढोलाची ताकद खालच्या सुरांत असते, तर बेंजोच्या पोलादी तारेचा आवाज वरच्या उपस्वरांनी भरलेला, त्यामुळे ढोलाच्या गडगडाटात तो बुडत नाही, सुरीसारखा आरपार जातो. बटणांमुळे मींड निघत नाही ही त्याची उणीव. ती वाजवणाऱ्यांनी नखीच्या वेगाने भरून काढली: एकेक सूर असा सपासप छेडायचा की तो तुटताच कामा नये.

मुंबईपासून गावोगावच्या वराती-मिरवणुकांपर्यंत बेंजो पार्ट्यांनी काही दशकं गाजवली. रवी जाधवांनी २०१६ साली त्यावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपटही काढला. मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या तसं त्यांचं काम कमी झालं. या वाद्याची कुठल्या संगीत विद्यालयाने परीक्षा घेतली नाही, कुठल्या परिषदेत त्यावर वाद झाला नाही. मला विचाराल तर विसाव्या शतकात महाराष्ट्रात घडलेलं सगळ्यात अस्सल नवं वाद्य हेच. परदेशी खेळण्याला वीज जोडण्याचं काम इथल्या चाळीत, इथल्या गल्लीत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर झालं.

मुंबईच्याच फिल्मी स्टुडिओंत त्या सुमाराला वेगळीच धमाल चालली होती. राहुलदेव बर्मन यांच्या चमूत मारुतीराव कीर, होमी मुल्लाँ, केर्सी लॉर्ड अशी एकाहून एक अवली मंडळी. ‘यादों की बारात’मध्ये काचेच्या पेल्यावर चमचा वाजला, ‘शोले’त बाटलीत फुंकर मारून ताल धरला, ‘पडोसन’मध्ये कंगव्याच्या दातांवरून काही तरी खरवडलं. प्रेक्षकाला हे कळलंही नाही. कळायचं कारणच नव्हतं, गाणं जमलं होतं.

त्यातल्या बाटलीचं एक कोडं घरी करून पाहण्यासारखं आहे. काचेची बाटली घ्या, तिच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा, सूर निघेल. आता तीत थोडं थोडं पाणी ओतत जा आणि फुंकत जा. सूर चढत जाईल. मग तीच बाटली तशाच पाण्याने भरत भरत चमच्याने वाजवून बघा. सूर उतरत जाईल! बाटली एक, पाणी एक, आणि निकाल उलटा. फुंकताना थरथरते ती बाटलीतली हवा. पाणी ओतलं की हवेला जागा कमी उरते, तिची स्पंदनं वेगाने होतात. चमचा मारल्यावर थरथरते ती काच, आणि पाण्याचं वजन तिला जड करून सुस्तावतं. जलतरंग चालतो तो या दुसऱ्या तत्त्वावर: चिनीमातीच्या वाट्या, त्यात कमी-जास्त पाणी आणि बांबूच्या दोन काड्या. वाटी लावायची म्हणजे चमचाभर पाणी घालायचं किंवा काढायचं. पुण्याचे मिलिंद तुळाणकर आज हे वाद्य मैफलीत वाजवतात. आपल्या चार खणांत जलतरंग घनवाद्यांत मोडतो. बाटली मात्र फुंकली तर सुषिर आणि ठोकली तर घन, म्हणजे वाद्याची जात वाजवणारा ठरवणार.

इथून पुन्हा नगरला येऊ. स्पाइक मिलिगन हे नाव इंग्रजी विनोदाच्या दर्दींना नवं नाही. त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८चा, अहमदनगरचा. वडील इथल्या ब्रिटिश फौजेत. बालपणाचा मोठा भाग पुण्यात गेला आणि पुढे इंग्लंडला गेल्यावर तो आधी ट्रम्पेट वाजवायचा. त्याचा ‘गून शो’ १९५१ ते १९६० असा बी.बी.सी. रेडिओवर चालला. रेडिओवर दिसत काहीच नाही, तेव्हा विनोद सगळा आवाजातून घडवायचा. मिलिगनला साठवणीतले तयार आवाज पसंत पडेनात. एक किस्सा नेहमी सांगतात: ‘फच्च’ असा आवाज हवा म्हणून त्याने कँटीनमध्ये कस्टर्ड सांगितलं. तिथल्या बाईने बिचारीने अंडी घालून निगुतीने ते केलं. मिलिगनने त्या कस्टर्डने आपले मोजे भरले आणि एका लाकडी फळीवर आपटले. आवाज मनासारखा आला नाही तो नाहीच.

१९५८ साली बी.बी.सी.ने अशा आवाजांसाठी वेगळी कार्यशाळाच उघडली, रेडिओफोनिक वर्कशॉप. तिच्या पहिल्या प्रसिद्ध कामांपैकी एक म्हणजे ‘गून शो’तल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुड! पुढे तिथे डेलिया डर्बीशायर ही गणित शिकलेली बाई आली. तिने १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षक संगीत एकेक सूर ध्वनिफितीवर घेऊन, फीत पट्टीने मोजून, कात्रीने कापून आणि चिकटवून तयार केलं. तिच्या आवडत्या ‘वाद्यां’पैकी एक होती हिरव्या रंगाची पत्र्याची दिव्याची शेड. शेडवर टोला द्यायचा, आवाज फितीवर घ्यायचा आणि मग टोल्याचा पहिला ठोका कापून टाकून मागे राहणारा नाद तेवढा ठेवायचा. पॅरिसच्या रेडिओत प्येर शेफरने १९४८ पासून असेच प्रयोग चालवले होते. त्यातून कळलेली गोष्ट वाद्यशास्त्राला महत्त्वाची ठरली: घंटा ही घंटा आहे हे आपला कान बहुतांशी पहिल्या क्षणाच्या ठोक्यावरून ओळखतो. तो ठोका काढून टाका, आणि घंटा ओळखू येत नाही. म्हणजे एकही नवी वस्तू न घडवता, नुसत्या कात्रीने नवं वाद्य करता येतं.

पॅरिसच्याच रेडिओत १९६३ साली टेरी रायली नावाचा एक तरुण अमेरिकन संगीतकार काम करत होता. त्याला हवा होता एक परिणाम: वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत यावा, पुन्हा यावा, आणि नव्या सुरांत मिसळत जावा. तिथल्या तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले आणि एकच फीत दोन्हींतून ओढली. पहिलं यंत्र आवाज मुद्रित करतं, फीत सरकत दुसऱ्याकडे जाते, ते तो आवाज ऐकवतं, आणि ऐकवलेलं पुन्हा पहिल्याकडे पाठवलं जातं. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि दोन यंत्रांत साठ इंचांचं अंतर असेल तर सूर आठ सेकंदांनी परत येतो. यंत्रं जवळ सरकवा, सूर लवकर येईल. खोलीतलं अंतर हेच इथे वाद्याचा भाग झालं.

हा रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच घराण्याची ही दुसरी शाखा. कॅलिफोर्नियातला टेपचा प्रयोगकर्ता तंबोऱ्यासमोर बसून आलापी शिकू लागला तो असा. फितीवर फिरत राहणाऱ्या सुरांचं वेड असलेल्या माणसाला तंबोऱ्याची ओढ वाटली नसती तरच नवल.

आणि आता केडगावच्या पलीकडे, दौंड रस्त्यावर, अरणगावला. इथल्या मेहेराबादेत १० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. आधी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि १९५४ नंतर नुसत्या खुणांनी ते बोलत. त्यांची समाधीही इथेच आहे. लंडनच्या ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा अनुयायी झाला. १९७२ साली तो मेहेराबादला येऊनही गेला.

त्या भेटीच्या आधी टाउनशेंड ‘लाइफहाउस’ नावाच्या अचाट प्रकल्पात बुडालेला होता. कल्पना अशी: मैफलीला आलेल्या प्रत्येक माणसाची माहिती, त्याची उंची, वजन, जन्मपत्रिका, सिंथेसायझरला पुरवायची. त्या आकड्यांतून त्या माणसाचा स्वतःचा असा सूर तयार व्हायचा, आणि सगळ्यांचे सूर एकत्र आले की एक महास्वर. (पत्रिका वाजवून दाखवण्याची ही युक्ती आपल्याकडच्या एखाद्या ज्योतिषाला आधी सुचली असती तर लग्न जमवणं केवढं करमणुकीचं झालं असतं!) नमुना म्हणून त्याने आपल्या गुरूची, मेहेरबाबांची, माहिती घ्यायचं ठरवलं. आयुष्याची साडेत्रेचाळीस वर्षं एक शब्द न उच्चारलेल्या माणसाचा सूर.

प्रकल्प कोसळला. टाउनशेंडचं डोकंही त्या ओझ्याने पार शिणलं. उरलेल्या गाण्यांतून ऑगस्ट १९७१मध्ये ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम निघाला आणि त्याचं पहिलंच गाणं ‘बाबा ओ’रायली’. बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे तोच टेरी रायली. गाण्याच्या सुरुवातीला सुरांची जी अखंड उसळती माळ ऐकू येते ती सिंथेसायझरची, असा कित्येकांचा आजही समज आहे. ती आहे लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनची. अमेरिकी मध्यमवर्गीय घरांत जेवणानंतर वाजवायला म्हणून विकला जाणारा हा ऑर्गन. त्यात एक कळ होती, ‘मरिंबा रिपीट’. ती लावून पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या, ऑर्गन ते सूर आपणहून आळीपाळीने भराभर वाजवत राहतो, जणू कोणी मरिंबावर काठ्या चालवतंय. जत्रेत मुलांना मिळणारी मातीच्या चाकांची गाडी दोरीने ओढली की तिच्या दांड्यावरच्या काड्या आपोआप डमरूवर टमटम वाजवतात, त्या जातीची ही सोय. ज्याला बोटं भराभर चालवता येत नाहीत त्याच्यासाठी केलेली.

टाउनशेंडने ती कळ दाबली आणि पट्ट्यांवर हात फिरवत राहिला. म्हणजे आकडे यंत्रात घालून आपोआप निघणारं संगीत प्रत्यक्षात माणसाच्या हातांनीच घडलं. हे बरंच झालं असं मला वाटतं. पुढे २००७ साली त्याने इंटरनेटवर खरोखरच तशी सोय करून पाहिली. लोकांनी आपली माहिती, आपला आवाज, एखादं चित्र पाठवायचं आणि संगणकाने प्रत्येकाचं सांगीतिक व्यक्तिचित्र परत द्यायचं. लोकांनी ती हौसेने करून घेतली. रस्त्यावर त्यातलं एकही कोणी गुणगुणताना दिसत नाही.

‘बाबा ओ’रायली’ मंचावर वाजवायचं म्हणजे मात्र नवीनच पंचाईत. ती ऑर्गनची माळ फितीवरून लावावी लागे, आणि फीत कोणासाठी थांबत नाही. आपल्याकडे तबलावादनाला पेटीवर लेहरा धरतात, तेव्हा लेहरेवाला जिवंत माणूस असतो. तबलजीने लय किंचित चढवली तर तोही चढवतो, चूक झाली तर सांभाळून घेतो. इथे सांभाळून घ्यायची पाळी ढोलकऱ्याची होती. ‘द हू’चा ड्रमर कीथ मून हा तालाला धरून चालणारा इसम मुळीच नव्हता, त्याची ख्याती नेमकी उलटी होती. फितीची लय ऐकू यावी म्हणून त्याला हेडफोन घालायला लागायचे, आणि तो वाजवताना इतका उसळायचा की ते डोक्यावरून उडून जात. अखेर ते चिकटपट्टीने त्याच्या डोक्याला पक्के गुंडाळून टाकले. चित्रफितीत ते अजून दिसतं: डोक्याला पट्टी बांधलेला मून, घाम गाळत, फितीच्या मागे धावतोय.